कोल्हापूरनं या आठवड्यात काय शोधलं? गूगल ट्रेंड्सची झाडाझडती

लोक गूगलवर काय आणि कधी शोधतात ते दाखवणारं गूगल ट्रेंड्स फुकट आहे, आलेख बघायला लॉगिन लागत नाही, मोबाइलवरही चालतं. 2006 पासून ते सर्वांसाठी खुलं आहे आणि त्यातली माहिती 2004 पर्यंत मागे जाते. कोल्हापुरात ते कुणाच्या उपयोगाचं? चप्पल लाइनमधल्या दुकानदाराच्या, गूळ-साखरेच्या व्यापाऱ्याच्या, स्थानिक बातम्यांचं पोर्टल चालवणाऱ्याच्या, क्लासवाल्यांच्या, यात्रेकरूंसाठी खोल्या देणाऱ्यांच्या. निकाल आधीच सांगून टाकतो. एखादी गोष्ट लोक कधी शोधतात आणि कोणत्या शब्दांत शोधतात, यासाठी याच्या तोडीचं फुकट साधन नाही. किती जणांनी शोधली, हे त्यात जवळपास कुठंच कळत नाही. आणि का शोधली, याचं उत्तर ते अर्धंच देतं. उरलेलं अर्धं गावाची माहिती असणाऱ्यालाच जोडता येतं. म्हणूनच मुंबईत बसलेल्या एजन्सीपेक्षा इथल्या माणसाच्या हातात हे साधन जास्त चांगलं चालतं.

साइटवर कामाची पानं दोनच: ‘ट्रेंडिंग नाऊ’ आणि ‘एक्सप्लोअर’.

ट्रेंडिंग नाऊचं सध्याचं रूप ऑगस्ट 2024 पासूनचं. यादी दर दहा मिनिटांनी ताजी होते. मागचे 4 तास, 24 तास, 48 तास किंवा 7 दिवस, असा काळ निवडता येतो. वर देश निवडायचा आणि त्याखाली राज्य. भारतावर ठेवली तर यादी क्रिकेट, हिंदी सिनेमा आणि दिल्लीचं राजकारण यांनी भरून जाते, म्हणून पहिलं काम राज्य महाराष्ट्र करणं. दुसरं काम वर्गवारी बदलणं. ‘सर्व’वर ठेवलं तर आयपीएलच्या दिवसांत बाकी काही दिसतच नाही. ‘जॉब्स अँड एज्युकेशन’, ‘लॉ अँड गव्हर्नमेंट’, ‘क्लायमेट’ आणि ‘बिझनेस अँड फायनान्स’ या चार वर्गांत आपल्या भागातले कामाचे शोध सापडतात. प्रत्येक ओळीत शब्द, शोधांचा ढोबळ आकडा, उसळी कधी सुरू झाली आणि ती अजून चालू आहे की ओसरली, एवढं मिळतं. आकडा ‘इतक्या हजारांपेक्षा जास्त’ अशा टप्प्यात असतो, त्यामुळे तो मोजणीसाठी नको, फक्त लहानमोठं ओळखण्यासाठी. ओळीवर टिचकी मारली की त्या उसळीत जमा झालेले बाकीचे शब्द उघडतात. खरा माल तिथं आहे, आणि बहुतेक जण तिथपर्यंत जातच नाहीत.

या यादीबद्दल एक गैरसमज फार पक्का बसलेला आहे. आठवड्यात सर्वांत जास्त शोधल्या गेलेल्या गोष्टी इथं दिसतात, असं लोक धरून चालतात. प्रत्यक्षात एरवीच्या मानानं जे अचानक वाढलं, तेच इथं येतं. सोन्याचा दर, हवामान, रेल्वेचं वेळापत्रक हे रोज भरपूर शोधलं जातं, आणि रोजचं आहे म्हणूनच ते यादीत येत नाही. ज्याचा धंदा रोजच्या शोधांवर चालतो त्यानं या पानावर वेळ घालवू नये, सरळ एक्सप्लोअरला जावं. शिवाय यादी राज्यावर थांबते. कोल्हापूरची वेगळी यादी नाही.

एक्सप्लोअरमध्ये शब्द टाकला की 0 ते 100 असा आलेख येतो. या 100 वर बहुतेक जण घसरतात. तो शोधांचा आकडा नव्हे. त्या जागी, त्या वेळी झालेल्या एकूण शोधांत आपल्या शब्दाचा वाटा किती, हे गूगल काढतं आणि निवडलेल्या काळातला सर्वांत मोठा वाटा 100 धरून बाकीचे त्या प्रमाणात बसवतं. हिशेब करून बघू. समजा, एका आठवड्यात राज्यात एकूण 10 लाख शोध झाले आणि त्यांतले 1,000 गुळाच्या दराचे. वाटा 0.1 टक्के. पुढच्या आठवड्यात निवडणुकीचा निकाल लागला, एकूण शोध 20 लाखांवर गेले आणि गुळाचा दर 1,500 वेळा शोधला गेला. वाटा 0.075 टक्के. प्रत्यक्षात पाचशे शोध वाढले, आलेख मात्र 100 वरून 75 वर उतरला. मोठी बातमी असलेल्या आठवड्यात स्थानिक शब्द पडलेले दिसतात, त्यामागं बहुधा हेच असतं. मागणी घटली म्हणून मालाची ऑर्डर कमी करण्याआधी त्या आठवड्यात राज्यात आणखी काय घडलं होतं, ते तपासावं.

याच हिशेबातून आणखी दोन अडचणी येतात. काळ बदलला की 100 कुठं पडेल तेही बदलतं, त्यामुळे 12 महिन्यांच्या आलेखातला 60 आणि 5 वर्षांच्या आलेखातला 60 यांची तुलना करू नये. आणि तुलनेत एक अवाढव्य शब्द घातला की बाकीचे जमिनीला टेकतात. ‘गूळ’ आणि ‘सोने’ शेजारी ठेवले तर गुळाच्या रकान्यात ‘1 पेक्षा कमी’ एवढंच दिसण्याची शक्यता जास्त. तुलना साधारण एका वजनाच्या शब्दांची करावी. नेहमीच्या पानावर एका वेळी पाच शब्द बसतात. दहा-बारा शब्द तपासायचे असतील तर प्रत्येक फेरीत एक मधल्या वजनाचा शब्द कायम ठेवावा आणि बाकीचे त्याच्याशी मोजावेत. आणि 0 दिसला तर त्याचा अर्थ कुणीच शोधलं नाही असा घेऊ नये. मोजण्याइतके शोध नाहीत, एवढंच तो सांगतो. फार थोड्या लोकांनी केलेले शोध आणि एकाच माणसानं थोड्या वेळात पुन्हा पुन्हा केलेला तोच शोध, हे दोन्ही गूगल गाळून टाकतं. त्यामुळे आपल्याच दुकानाचं नाव दिवसभर शोधत बसून आलेख वर जाणार नाही.

आता शब्द कसा टाकायचा, यावर थोडं थांबायला हवं, कारण मराठीत सगळ्यात जास्त चुका इथं होतात.

चौकटीत टाकलेला शब्द ‘सर्च टर्म’ म्हणून धरला जातो आणि त्याचं शुद्धलेखन ट्रेंड्स सुधारत नाही. ‘गूळ’ हे शुद्ध रूप. मोबाइलवर बरेच लोक ‘गुळ’ टाइप करतात. ट्रेंड्सच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. ‘पाणी पातळी’ आणि ‘पाणीपातळी’ हेही वेगळे. वर रोमन लिपीतलं मराठी आहेच: ‘चप्पल’ रोमनमध्ये एका ‘पी’नं लिहिणारे आहेत, दोननं लिहिणारे आहेत, आणि इंग्रजी अनेकवचनाचा ‘एस’ लावणारेही आहेत. एकच रूप घेऊन निष्कर्ष काढला तर तो त्या रूपापुरताच खरा असतो. यावर उपाय अधिक चिन्हाचा. ‘गूळ दर + गुळ दर + गुळाचा दर’ असं एकाच चौकटीत लिहिलं की यांतलं कुठलंही रूप शोधलेलं एकत्र मोजलं जातं. रोमन रूपंही त्याच साखळीत जोडावीत. साखळी फार लांब करता येत नाही, म्हणून आधी रूपं वेगवेगळी टाकून बघावीत आणि वजनदार तीन-चारच ठेवावीत. ही आधीची चाचणी स्वतःच उपयोगाची आहे: कोणतं रूप जास्त चालतं ते कळलं की दुकानाच्या पानावर, व्हिडिओच्या शीर्षकात, गूगल मॅपवरच्या वर्णनात तेच रूप वापरता येतं. प्रमाणलेखनाचा आग्रह धरणाऱ्यांनी मजकुरात शुद्ध रूप ठेवावं आणि लोक लिहितात ते रूप एकदा तरी कुठं तरी येऊ द्यावं.

अवतरण चिन्हं घातली तर शब्द त्याच क्रमानं धरले जातात, पुढंमागं आणखी शब्द असले तरी चालतात. चिन्हांशिवाय दोन शब्द टाकले तर दोन्ही असलेले सगळे शोध येतात, क्रम कोणताही. शब्दाला चिकटून आधी वजा चिन्ह लावलं की तो शब्द असलेले शोध बाजूला पडतात.

या वजा चिन्हाची गरज कोल्हापूरकरांना इतरांपेक्षा जास्त पडते, कारण आपले शब्द फार ठिकाणी वाटलेले आहेत. ‘जोतिबा’ घ्या. चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर यात्रा भरते आणि 11 एप्रिलला महात्मा फुल्यांची जयंती असते. 2025 मध्ये चैत्र पौर्णिमा 12 एप्रिलला आली, म्हणजे दोन्ही कारणं लागोपाठच्या दिवशी. त्या आठवड्याची उसळी बघून यात्रेला येणाऱ्यांचा अंदाज बांधणाऱ्या हॉटेलवाल्याच्या आलेखात जयंतीची भाषणं शोधणारी शाळकरी मुलंही मोजली जातात. ‘जोतिबा -फुले’ केलं की बरीच सफाई होते. ‘ज्योतिबा’ हे रूप वेगळं तपासावं लागतं, कारण देवाचं नावही बाहेरगावचे लोक तसंच लिहितात.

‘महालक्ष्मी’ त्याहून अवघड. देवीला आपण अंबाबाई म्हणतो, बाहेरून येणारे महालक्ष्मी म्हणतात. त्याच नावाचं मंदिर मुंबईत आहे, रेल्वे स्टेशन आहे, रेसकोर्स आहे, आणि मुंबई-कोल्हापूर गाडीचं नाव महालक्ष्मी एक्स्प्रेस. भाद्रपदात गौरी-महालक्ष्म्यांच्या सजावटीचे शोध त्यात आणखी भर घालतात. नुसत्या ‘महालक्ष्मी’वरून काहीही ठरवू नये. ‘अंबाबाई’ एका चौकटीत आणि ‘महालक्ष्मी कोल्हापूर -एक्स्प्रेस’ दुसऱ्या चौकटीत ठेवावं. पहिली ओळ मुख्यतः आपल्या भागाची, दुसरी पाहुण्यांची. दोन ओळींमधलं अंतर दिवसागणिक कसं बदलतं, हे मंदिराच्या आसपासच्या धंद्यांना फार काही सांगून जातं. ‘गोकुळ’चंही तसंच: दूध संघ, गोकुळाष्टमी आणि असंख्य सोसायट्या. श्रावणातली उसळी दुधाच्या दराची समजू नये, ‘गोकुळ दूध’ असं जोडीनं टाकावं. ‘राजाराम’ म्हणजे बंधारा, कारखाना की कॉलेज, हे तर इथल्या माणसालाही पुढचा शब्द वाचल्याशिवाय कळत नाही.

शब्दाऐवजी ‘टॉपिक’ निवडण्याची सोय आहे. चौकटीत लिहायला लागलं की खाली सूचना येतात आणि काहींच्या खाली ‘टॉपिक’, ‘शहर’, ‘मंदिर’ असं बारीक अक्षरात असतं. टॉपिक निवडला की वेगवेगळ्या भाषा, लिप्या आणि चुकीची स्पेलिंगं गूगल स्वतः एकत्र करतं. ऊस, कोल्हापुरी चप्पल, शिवाजी विद्यापीठ अशा जुन्या, पक्क्या गोष्टींसाठी टॉपिकच घ्यावा. त्याचे दोष दोन. आत नेमकं काय काय धरलंय ते दाखवत नाहीत. आणि नवी गोष्ट किंवा नवं नाव असेल तर टॉपिक तयार व्हायला वेळ लागतो. 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीच्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. आदल्या दिवसापर्यंत फार थोड्यांनी ऐकलेलं नाव एका दुपारी घराघरात लिहिलं गेलं, आणि ऐकून लिहिताना ‘कुसळे’, ‘कुसाळे’ आणि रोमनमधली दोन-तीन रूपं होणं साहजिक होतं. अशा वेळी पहिले काही दिवस शब्दांची साखळीच भरवशाची. एका तुलनेत काही टॉपिक आणि काही शब्द मिसळू नयेत, टॉपिक नेहमी जड दिसतो.

काळ निवडताना आठवड्याचा प्रश्न असेल तर दोन खिडक्या लागतात. ‘मागचे 7 दिवस’ निवडले की आलेख तासागणिक येतो. 30 किंवा 90 दिवस निवडले की दिवसागणिक, 5 वर्षं निवडली की आठवड्यागणिक, त्याहून जास्त असेल तर महिन्यागणिक. 7 दिवसांची माहिती आणि जुनी माहिती हे दोन वेगळे नमुने आहेत, त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. जुळवायला जाऊ नये. सात दिवसांपर्यंतचा आलेख आपल्या घड्याळानं चालतो, 30 दिवस आणि त्यापुढचा जागतिक प्रमाणवेळेनं. म्हणजे दिवसागणिक आलेखातला ‘मंगळवार’ आपल्याकडे मंगळवारी पहाटे साडेपाचला सुरू होतो. पहाटेच्या घटनांसाठी, पुराच्या रात्रीसाठी किंवा अभ्यंगस्नानाच्या मुहूर्तासाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो: पहाटे चारचे शोध आदल्या तारखेत जमा झालेले असतात. आठवड्यागणिक आलेखात आठवडा रविवार ते शनिवार धरतात.

आलेखाच्या उजव्या टोकाला ठिपक्यांची रेघ दिसते. तो अपुरा आठवडा किंवा अपुरा दिवस. ‘या आठवड्यात मागणी पडली’ असे जे अहवाल फिरतात, त्यांतले बरेचसे ही ठिपक्यांची रेघ खरी मानून लिहिलेले असतात. तो भाग सरळ झाकून वाचावा. लांबच्या आलेखात 2011, 2016 आणि 2022 च्या 1 जानेवारीला खुणा दिसतात. त्या दिवसांपासून गूगलनं माहिती गोळा करण्याची किंवा ठिकाण ठरवण्याची रीत बदलली. त्या खुणेवर आलेख उडी मारत असेल तर ती लोकांची उडी नसून मोजपट्टीची असू शकते.

आता ‘का’कडे. पद्धत सांगतो, मग ती आपल्याकडच्या चार गोष्टींवर लावून बघू. आधी 7 दिवसांच्या आलेखावर उसळीचा नेमका तास शोधायचा. मग खाली ‘रिलेटेड क्वेरीज’मध्ये ‘रायझिंग’ यादी वाचायची. ‘टॉप’ यादीत नेहमीचेच शब्द असतात, कारण सांगणारे शब्द रायझिंगमध्येच सापडतात. टक्क्यांऐवजी ‘ब्रेकआउट’ लिहिलेलं असेल तर वाढ 5000 टक्क्यांहून जास्त आहे. पण जो शब्द आधी जवळपास कुणीच शोधत नव्हतं, त्याला थोड्या शोधांनीही ब्रेकआउट मिळतो, हे ध्यानात ठेवावं. त्यानंतर वरचं ‘वेब सर्च’ बदलून क्रमानं बातम्या, यूट्यूब आणि शॉपिंग करून बघायचं. उसळी कोणत्या खिडकीत आहे आणि कोणत्या खिडकीत नाही, यावरून लोकांचा हेतू कळतो. शेवटी शहरांची यादी.

चपलांवर लावून बघा. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, ओरड झाली आणि मग कंपनीनं महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संस्थेला लिहिलेल्या पत्रात भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. त्या दिवसांतले शोध बातमी वाचणाऱ्यांचे होते, विकत घेणाऱ्यांचे होते की दोघांचे? वेब आणि बातम्यांमध्ये उसळी आणि शॉपिंगमध्ये सपाट रेघ, असं असेल तर ती उत्सुकता. शॉपिंगची रेघ काही दिवस मागाहून वर येत असेल आणि रायझिंगमध्ये ‘किंमत’, ‘ओरिजिनल’, ‘ऑनलाइन’ असे शब्द असतील, तर माल भरायची वेळ. आणि रायझिंगमध्ये ‘जीआय’, म्हणजे भौगोलिक मानांकन, दिसत असेल तर गिऱ्हाईक खऱ्या-खोट्याचा फरक विचारणार. 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, हे एका ओळीत दुकानाच्या पानावर लिहून ठेवलं तर तो शोध आपल्याकडे येतो.

उसाचं बघा. ‘एफआरपी’, म्हणजे कारखान्यांनी उसाला द्यायचा किमान दर, या शब्दाला वर्षात दोन वेळा जोर येतो आणि दोन्ही वेळची कारणं वेगळी. एकदा केंद्र सरकार दर जाहीर करतं तेव्हा. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये हा दर 30 एप्रिल 2025 ला मंजूर झाला, त्या वेळी शेतात ऊस उभा होता आणि प्रश्न एवढाच होता की दर किती. दुसऱ्यांदा हंगामाच्या तोंडावर, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेच्या सुमारास, तेव्हा प्रश्न असतो पहिली उचल, म्हणजे पहिला हप्ता, किती आणि कारखाना कधी देणार. शब्द तोच, पण रायझिंग यादी पूर्ण वेगळी. जो पोर्टलवाला ऑक्टोबरमध्ये एप्रिलचीच दराची बातमी वर आणतो, त्याच्या पानावर वाचक दहा सेकंदही थांबत नाही.

पावसाळ्यात पंचगंगेची पातळी. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी, हे इथं पोरासोरांनाही पाठ असतं, म्हणून स्थानिक माणूस ‘पंचगंगा पातळी’ एवढंच शोधतो आणि पुण्यात नोकरीला असलेला त्याचा भाऊ ‘कोल्हापूर पूर’ शोधतो. दोन्ही शब्द वेगळे लावून ठेवावेत. त्यांच्यासोबत ‘राधानगरी’ आणि ‘अलमट्टी’ ही धरणांची नावं लावावीत. तासागणिक आलेखात कोणता शब्द आधी उठतो ते बघण्यासारखं असतं: राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आधी, नदीची पातळी त्यामागून, मग रस्ते आणि पुणे-बंगळुरू महामार्ग. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 हे दोन पूर ‘कस्टम’ काळ निवडून आधी वाचून ठेवावेत म्हणजे क्रम ओळखता येतो. यात एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. ज्या गल्लीत पाणी शिरलं, वीज गेली, टॉवर बंद पडला, तिथून शोध येतच नाहीत. आलेख खाली आला म्हणजे तिथलं पाणी उतरलं, असं कुणीही लिहू नये. पातळी जिल्हा प्रशासनाच्या आकड्यावरूनच घ्यावी. ट्रेंड्सवरून फक्त लोकांना कोणती माहिती हवी आहे आणि कोणती मिळत नाही, एवढंच ठरवावं.

निकालांचं गणित सोपं. 2025 मध्ये दहावीचा निकाल 13 मे रोजी दुपारी एकला लागला. अशा निकालाला दोन टेकड्या असतात: ‘निकाल तारीख’ची आधी, प्रत्यक्ष निकालाची नंतर. क्लास आणि कॉलेजांनी जाहिरातीचा पैसा निकालाच्या टेकडीवर घालू नये. तो शोध पाच मिनिटांत संकेतस्थळावर जाऊन संपतो. त्यामागून येणारे ‘अकरावी प्रवेश’, ‘डिप्लोमा प्रवेश’ हे शब्द जास्त दिवस टिकतात.

पक्क्या तारखांच्या गोष्टींना 5 वर्षांचा आलेख पुरतो. अंबाबाईचा किरणोत्सव 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी, तारखा ठरलेल्या. खोल्या देणाऱ्यानं एवढंच बघायचं की शोध तारखेच्या किती आठवडे आधी उठू लागतो. फोटो आणि दर बदलायचे ते त्याच्या आधी.

शहरांच्या यादीबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण इथं साधन कमी पडतं. काळाच्या आलेखासाठी महाराष्ट्र निवडावा आणि खालच्या चौकटीत ‘शहर’ करावं. तिथं कोल्हापूरपुढं 100 दिसलं की आनंद होतो, पण तो आकडाही वाट्याचाच आहे. कोल्हापुरातल्या एकूण शोधांत या शब्दाचा वाटा सर्वांत मोठा, एवढाच त्याचा अर्थ. मुंबईपुढं 12 असेल तरी प्रत्यक्ष शोध मुंबईतून कितीतरी जास्त झालेले असू शकतात. कुरिअरनं माल पाठवणाऱ्यानं या यादीवरून मुंबई सोडून देऊ नये. यादीत कोल्हापूर, इचलकरंजी दिसतच नसतील तर ‘कमी शोधांचे भाग दाखवा’ या चौकोनात खूण करावी, पण मग येणारे आकडे डळमळीत असतात. मोबाइल इंटरनेटचं ठिकाण नेटवर्कवरून अंदाजानं ठरतं, त्यामुळे गडहिंग्लज, कागल, शाहूवाडीचे शोध कुठल्या शहराच्या नावावर जमा झाले, याची खात्री धरता येत नाही. तालुक्याचा प्रश्न घेऊन ट्रेंड्सकडे जाऊच नये.

डळमळण्याचं आणखी एक कारण आहे. गूगल सगळे शोध मोजत नाही, नमुना घेतं. गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, तुकडा चाखून अख्ख्या गाडीचा अंदाज करावा, तसं. गाडी मोठी असेल तर अंदाज बरोबर येतो. लहान शब्दांना, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक शब्दांना, आज आणि परवा काढलेला तोच आलेख थोडा वेगळा निघतो. महत्त्वाचा निर्णय असेल तर तीच चौकट वेगवेगळ्या चार-पाच दिवशी उघडून सीएसव्ही, म्हणजे आकड्यांची फाइल, उतरवावी आणि सरासरी घ्यावी. एकाच दिवशी पुन्हा पुन्हा उतरवून फायदा नाही, बहुधा तोच नमुना परत येतो. फाइलच्या नावात शब्द, जागा, काळ आणि उतरवल्याची तारीख लिहावी. दोन महिन्यांनी ती फाइल कशाची होती ते यावरूनच कळतं.

शोधांवरून वास्तव मोजायला गेलं की काय होतं, याचं उदाहरण खुद्द गूगलचंच आहे. शोधांवरून फ्लूची साथ ओळखणारी ‘फ्लू ट्रेंड्स’ ही सेवा 2008 मध्ये सुरू झाली. 2012-13 च्या हिवाळ्यात अमेरिकेत तिनं साथ प्रत्यक्षापेक्षा खूप मोठी दाखवली, आणि 2015 मध्ये तिचे अंदाज प्रसिद्ध करणं थांबलं. आजारी नसलेले लोकही बातमी ऐकून शोधतात, हे त्यामागचं एक मोठं कारण. सीपीआर या सरकारी रुग्णालयात डेंग्यूचे रुग्ण किती, हे ‘डेंग्यू लक्षणे’ या शब्दावरून ठरवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

‘किती’ हवं असेल तर सोबतीला दुसरी साधनं लागतात. गूगल अ‍ॅड्सच्या कीवर्ड प्लॅनरमध्ये महिन्याचे शोध मिळतात, पण जाहिरातीवर खर्च नसेल तर फार रुंद टप्प्यांत. दुकानाची नोंद गूगल मॅपवर असेल तर बिझनेस प्रोफाइलमध्ये लोक कोणत्या शब्दांनी आपल्यापर्यंत आले ते दिसतं, आणि छोट्या दुकानदारानं ट्रेंड्सच्याही आधी हे उघडावं. विकिपीडियावरच्या लेखांच्या वाचनसंख्या जुलै 2015 पासून दिवसागणिक खुल्या आहेत आणि मराठी, हिंदी, इंग्रजी वेगवेगळ्या दिसतात. तिथं नमुना नाही, सरळ मोजणी आहे. एखाद्या नावाची उसळी मराठी वाचकांत होती की देशभर, हे ताडून बघायला ती उत्तम. स्वतःची वेबसाइट असेल तर गूगलचं सर्च कन्सोल सर्वांत खरं: कोणत्या शब्दाला आपलं पान किती वेळा दिसलं आणि किती जणांनी उघडलं, आकड्यांसह. तिथली माहिती 16 महिनेच राहते, म्हणून दर महिन्याच्या सुरुवातीला निर्यात करून ठेवावी. या दिवाळीची तुलना दोन दिवाळ्यांपूर्वीच्या आकड्यांशी करायची वेळ आली की तेवढ्या जुन्या फायली आपल्याकडेच असाव्या लागतात.